आबांच्या लायटरात काय भरायचं

त्या सकाळी दुधाची किटली रिकामी घरी आली. एवढीच गोष्ट आहे. पण तिचा मला जेवढा आनंद झाला, तेवढा बारावीच्या निकालाचाही झाला नव्हता. हे नीट सांगायचं तर लायटरपासून सुरुवात करावी लागेल.

माझा मामा ट्रक चालवतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्टीलचा लायटर आणून दिला. वर टकटक वाजणारं झाकण होतं आणि तो पुन्हा पुन्हा भरता यायचा. आबा विडी ओढत नाहीत. पण आमची वस्ती बारामती-इंदापूर रस्त्याच्या आत आहे आणि गोठा कालव्याच्या कडेला. तिथे काडेपेटी कायम सादळलेली असते, आणि धार काढायच्या आधी गोवऱ्यांचा धूर केला नाही तर डासांमुळे गाय उभी राहत नाही.

"तेलावरचा हाय. पेट्रोलबी चालतंय," मामा म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन गेला.

लायटर रिकामा होता. आबांनी तो माझ्याकडे दिला. घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मोबाइल बिघडला, बँकेचा कागद आला, मोटारीचा स्टार्टर अडकला, सगळं माझ्याकडे येतं. मी बी.ए.ला आहे आणि माझा विषय मराठी आहे, हे सांगून उपयोग होत नाही. खरं म्हणजे मलाही ते सांगावंसं वाटत नाही.

मी मोटारसायकलच्या नळीतून वाटीत पेट्रोल काढलं. लायटरच्या आतली डबी ओढून बाहेर घेतली. तिच्या बुडाला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा असतो, तो उचलला आणि आतल्या कापसात पेट्रोल सोडलं. किती सोडायचं ते माहीत नव्हतं. कापूस पितोय तोवर सोडत राहिले. चाक फिरवल्यावर ज्योत अशी उठली की आई मागे सरकली.

"शिकल्याचा फायदा असतो तो असा," आबा म्हणाले आणि लायटर बंडीच्या वरच्या खिशात टाकला.

त्याच संध्याकाळी आमचं दूध परत आलं.

दूध घालायला जाताना मोटारसायकलवर मी आबांच्या मागे किटली धरून बसते. गावच्या दूध संकलन केंद्रावर संस्थेचे सचिव प्रत्येक किटलीचं झाकण काढून आधी नाक लावतात, मगच मशीनवर फॅट बघतात. आबा वीस वर्षं तिथे दूध घालतात. सचिवांनी आमच्या किटलीला नाक लावलं, मान वर केली, पुन्हा लावलं.

"आबा, ह्याला वास येतोय."

"कसला?"

"तुमीच बघा की."

आबांनी वास घेतला. त्यांना काही कळलं नाही.

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आबा, गाईला इंजिन बसवलं का काय?" सगळे हसले. आबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

केंद्राचा नियम असा: दोनदा वास आला तर चूक समजतात. तिसऱ्यांदा आला तर आठ दिवस दूध बंद आणि नाव बाहेरच्या फळ्यावर. फळ्यावर नाव म्हणजे दुधात काहीतरी घालणारा माणूस. मग नाव पुसलं तरी लोकांच्या तोंडून जात नाही.

घरी आल्यावर मी आबांची बंडी धुवायला घेतली. वरच्या खिशावर ओलसर डाग होता. नाकाजवळ नेला, तर पेट्रोलचा वास. आबा गाईखाली वाकून बसतात तेव्हा हाच खिसा बादलीच्या वर येतो. शिवाय ज्या बोटांनी लायटर पेटवायचा त्याच बोटांनी धार काढायची. त्यांच्या अंगालाच पेट्रोलचा वास होता, त्यांना दुधातला कसा कळणार?

मला सगळं कळलं आणि मी बोलले नाही. बंडी दोनदा साबणाने धुतली आणि ठरवलं की आता मिटलं. सकाळी आबांनी दुसरी बंडी घातली आणि तोच लायटर खिशात टाकला. मी बघत होते.

दूध पुन्हा परत आलं. "आबा, आता मला अवघड करू नका," सचिव हळू आवाजात म्हणाले. ते मोठ्याने बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी किटली उकिरड्यावर रिकामी केली. आई म्हणाली, "भांडी मी घासती. म्हंजे माझीच चूक असंल." तिचे डोळे भरून आले तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"आबा, वास लायटरचा हाय. मी पेट्रोल जास्त भरलं. मला काल रातीच कळलं हुतं."

आबांनी लायटर काढून हुंगला, मग स्वतःची बोटं हुंगली. "रातीच? मग बोलायचं न्हाय व्हय, बाळा?"

"तुमी चिडाल असं वाटलं."

"चिडलो असतो की. पर सकाळचं दूध वाचलं असतं."

मी म्हणाले, काडेपेटीच वापरा. ते म्हणाले, "तिला रोज कोण वाळवणार? तू भरलायस, तूच बघ. पर उद्या भरली किटली परत येता कामा न्हाय." संध्याकाळचं दूध केंद्रावर न्यायचं नाही, घरी विरजण लावायचं, असं ठरलं.

बारामतीच्या स्टँडमागे घड्याळं दुरुस्त करणारा एक दुकानदार लायटरही ठेवतो. मी त्या दुकानावरून दोनदा पुढे गेले आणि तिसऱ्यांदा आत शिरले.

"कुणासाठी?" त्याने लायटर बघत विचारलं.

"वडलांसाठी."

"सगळी कॉलेजची पोरं हेच सांगत्यात."

"खरंच, दादा. गोठ्यात धूर करायला."

मग त्याने मला खुर्ची दिली. बाहेरचं कवच तेच ठेवून आतली डबी बदलता येते, हे मला तेव्हा कळलं. त्याने दोन डब्या समोर ठेवल्या. एक कापसाची, आमच्या लायटरात होती तशी. "ज्योत मोठी, वाऱ्यात टिकती, कसलंबी तेल चालतं. पर आठवड्यात उडून जातं." दुसरी गॅसची. तिची ज्योत बारीक आणि निळी, फुंकर मारली तरी हलली नाही. "पर भरायला गॅसची बाटली लागती. आन् भरताना लायटर उलटा धरायचा, सरळ धरला तर आत हवाच जाती."

मला ठरवता येईना. तेलाची ओळखीची वाटत होती, आणि कमी भरली तर कदाचित वास येणारही नाही. हा 'कदाचित' मला नको होता. शेवटी विचारलं, "दुधाला वास कशाचा लागंल?"

"हे आजपर्यंत कुणी विचारलं न्हाय बघा," तो म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. ऐकून तो हसला नाही. शेजारच्या चहावाल्याकडून त्याने दोन पेल्यांत बिनसाखरेचं दूध मागवलं. एका बशीत तेलाने भरलेली डबी ठेवली, दुसरीत गॅसची, शेजारी एकेक पेला ठेवला आणि दोन्हींवर पातेली पालथी घातली. अर्धा तास मी तिथेच बसले. माझी एक एसटी गेली.

मग चहावाल्याला बोलावलं. त्याला काही सांगितलं नव्हतं. त्याने पहिला पेला हुंगून नाक मुरडलं. "ह्यात रॉकेल कुणी घातलं?" दुसरा हुंगला आणि सरळ पिऊन टाकला.

मी गॅसची डबी घेतली, त्याने ती भरूनच दिली.

घरी कवच साबणाने धुऊन उन्हात ठेवलं. सकाळी आबांनी हात घासून धुतले आणि आईने गाईची कास पुसली. निळ्या ज्योतीवर गोवरी पेटायला जरा वेळ लागला, पण पेटली. लायटर खिशात न टाकता आबांनी तो गोठ्याच्या खुंटीवरच्या पिशवीत ठेवला. ही अक्कल मात्र त्यांची.

केंद्रावर रांग होती. किटली पुढे सरकली तेव्हा मी म्हणाले, "सचिव, आधीच्या दोन्ही वेळंला माझी चूक हुती. लायटरात पेट्रोल मी भरलं हुतं." आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा सांगावं लागलं.

"कॉलेजला हेच शिकिवत्यात व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"न्हाय," आबा वळून म्हणाले. "कॉलेजात चूक कबूल करायला शिकिवत्यात. तुमी गेला न्हाय, तुमाला काय म्हाईत?"

ते खरं नव्हतं. पण सगळे हसले, आणि या वेळी आबांचे कान लाल झाले नाहीत.

सचिवांनी झाकण काढलं, नाक लावलं. पुन्हा लावलं. मग त्यांनी किटली उचलली आणि मोठ्या कॅनमध्ये ओतली. दूध पडल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

परत येताना रिकामी किटली माझ्या गुडघ्यावर आपटत होती. आबांनी गाडी हळू केली आणि न वळता विचारलं, "त्या गॅसची बाटली कुठं मिळती म्हणालीस?"

"स्टँडच्या मागं."

"मग संपत आली की मीच सांगीन," ते म्हणाले. "तू पण सांगत जा. लगीच."

"व्हय," मी म्हणाले.