तापवून ठेवलेली गाडी

जळक्या ऑइलचा वास आला की वरवंडचं ते गॅरेज आठवतं. माझी गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू केली की क्षणभर खडखडायची आणि गॅरेज येईपर्यंत गप्प व्हायची. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवर मेकॅनिकचा भरवसा नव्हता. तो म्हणाला, "व्हॉल्व्ह टायमिंगच्या गिअरचं काम वाटतंय, पण थंड इंजिनाचा आवाज सोता ऐकल्याबिगर इंजिन खोलणार न्हाई. गाडी रातभर हितंच ठेवा." रोजच्या कारेगावच्या वाटेवर इंजिनच बसलं तर, या धास्तीनं मी ठेवली. सकाळी मी आणि मेकॅनिक पोचलो, तर बॉनेट गरम. जुन्या डिझेल जीपवर हयात काढलेले त्याचे वडील, आप्पा, शेडमध्येच झोपायचे. ते हसत पुढं आले, "पाव्हणं येणार म्हणून गाडी तापवून ठिवलीया. आता झटक्यात निघा." आम्ही तिघं वाकून ऐकत राहिलो. इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं. "आवाज कुठं हाय?" आप्पांनी विचारलं. मेकॅनिकनं बापाकडं न बघता बॉनेट लावलं. "पुन्हा ठेवतो, पण तुम्ही हात लावू नका," एवढं म्हणायला माझीही जीभ रेटली नाही. त्यांनी दिलेला चहा प्यायलो आणि गाडी घेऊन निघालो. आज सकाळीही गाडी खडखडली, आणि ऐकायला मी एकटाच होतो.