चवळीच्या पानांतला जड हायड्रोजन

परळच्या आमच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर मी चवळीच्या वीस कुंड्या वाढवल्या. दहा उन्हात, दहा दादरहून आणलेल्या हिरव्या जाळीखाली. पाणी सगळ्यांना एकाच पिंपातलं.

पाण्यात नेहमीच्या हायड्रोजनबरोबर किंचित जड हायड्रोजनही असतो. सावलीतल्या, अर्धपोटी झाडाने बनवलेल्या साखरेत तो जास्त सापडतो, असं मॅडम म्हणत. त्या माझ्या मार्गदर्शक. मला ते चवळीत दाखवायचं होतं.

पानं वाळवली, कुटली, आठवडेच्या आठवडे धुऊन त्यांतला फक्त सेल्युलोज, म्हणजे त्या साखरेपासूनच बनलेला तंतू, काढला. मोजायचं यंत्र दुसऱ्या शहरात, म्हणून पांढरी पूड तिकडे पाठवली. चार महिन्यांनी आकडे आले. ऊन-सावली राहू दे, एकाच पानाच्या दोन पुड्यांचेही जुळेनात.

मॅडमनी कागद दोनदा पाहिला. "बाटल्यांत भरण्याआधी पूड कुठे होती?"

"टेबलावर. तीन-चार दिवस."

"पावसाळ्यात? उघडी? अगं, सेल्युलोजमधला थोडा हायड्रोजन हवेतल्या बाष्पाशी अदलाबदल करत राहतो. आधी रसायन लावून तो काढायचा असतो."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला होता.

त्यांनी कागद खाली ठेवला. "मला वाटलं, तिथे करून देतात."

मलाही तसंच वाटलं होतं. विचारलं दोघींपैकी कुणीच नव्हतं.

अँटॉप हिलला घरी पोचले तर आई दारातच. "आले का आकडे?"

"आले. वाया गेले."

"म्हणजे वर्ष गेलं?"

"हो, गेलं! विचारू नकोस ना सारखं." ती आत वळली. मी चप्पल न काढता तशीच बाकावर बसून राहिले. तिची काय चूक होती?

सहा झाडांचीच पूड उरली होती, तीन उन्हातल्या, तीन सावलीतल्या. ती मॅडमनी माझ्या शेजारी उभं राहून रसायनातून काढली, बाटल्या स्वतः बंद करून पुन्हा तिकडे पाठवल्या. या वेळी तीन सावलीतल्यांपैकी दोन झाडांत जड हायड्रोजन खरंच जास्त निघाला. तिसऱ्यात नाही.

"दोन झाडांवर प्रबंधाचं प्रकरण लिहिता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "एक परिच्छेद लिही."

लिहिला. सात ओळींचा. त्यातलीही एक त्यांनी खोडली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन नव्या चवळीसाठी कुंड्यांतली जुनी माती उपसायला घेतली.