प्रिचर्डची बदकं आणि आमचे सायलेन्सर

काजळी साठते तसे किस्से साठतात. रोज एवढीशी. दिसतही नाही. मग एक दिवस नळी उघडावी, तर आत काडी जायला जागा नाही! आमच्या रायफल क्लबचं तसंच झालंय. चहाला बसलं की कुणीतरी म्हणतं, "मिस्टर जाधव, तो डिशवॉशरचा सांगा." सांगावा लागतो. आज सगळेच सांगून टाकतो.

मी मिरजेचा. मोटारसायकलचे सायलेन्सर साफ करण्यात आयुष्य गेलं. शाळा चौथीपर्यंत. आता कार्डिफला मुलाकडे असतो. शेजारी निखिल राहतो, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. एका शनिवारी म्हणाला, "काका, घरात बसून किती टीव्ही बघणार? चला माझ्याबरोबर." त्याच्या गाडीतून डोंगरापाशी एका जुन्या दगडाच्या खाणीत गेलो. तिथं क्लबची रेंज.

बघतो तर एक बाई रायफलचा सायलेन्सर टेबलावर आपटतेय. इकडे त्याला मॉडरेटर म्हणतात, आणि तो लायसन्सवाल्याला उघड वापरता येतो. माझ्या लेखी सायलेन्सर तो सायलेन्सर. आत चकत्या, चकत्यांवर काजळी.

मी म्हटलं, "बाई, ते दार नाही. ठोकून उघडत नाही."

त्या ग्लेनिस. निवृत्त नर्स. क्लबात नेम सगळ्यात पक्का. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. "मग तुम्ही उघडा."

उघडला! पुढे पोलिसांची चौकशी वगैरे होऊन मी रीतसर सभासद झालो. शेडची किल्ली माझ्याकडे आली. मुलाच्या घराची किल्ली सुनेच्या पर्समध्ये असते. ही माझ्या खिशात असते.

*

गेल्या वसंतात त्या किल्लीवरच संकट आलं.

खाणीच्या वरच्या अंगाला प्रिचर्ड नावाचे गृहस्थ राहायला आले. बरोबर बंगलाभर सामान आणि सहा मोठी पांढरी बदकं. महिन्याभरात त्यांनी कौन्सिलला तक्रार केली, क्लबच्या आवाजानं जगणं मुश्किल झालंय. कौन्सिलनं कळवलं, आमचा माणूस मीटर घेऊन येईल. आवाज मर्यादेबाहेर गेला तर रेंज बंद.

आमचा सेक्रेटरी गॅरेथ. पूर्वी बस चालवायचा. त्यानं मीटिंगमध्ये एक खोका टेबलावर ओतला. क्लबचे सगळे जुने मॉडरेटर. वर्षानुवर्षांची काजळी, गोळ्यांचं शिसं, मेण. काही ढिले, काही अडकलेले.

"नवे घ्यायची ऐपत नाही," गॅरेथ म्हणाला. "हे चालले तर क्लब चालेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? खोका इकडे सरकवा."

*

हत्यारं मी घरीच बनवली. झाडूचा दांडा कापून, घासून, नळीत सैल बसेल असा केला. चकत्या ढकलून बाहेर काढायला. लाकूड मऊ, ॲल्युमिनियमला चरा पडत नाही. आइस्क्रीमच्या काड्यांना धार लावली, शिसं खरवडायला. जुने टूथब्रश. झाकणाची जॅमची बरणी. सायकलच्या ट्यूबचा पट्टा, पकड यायला. राहिली एकच गोष्ट. चकत्या निघाल्या त्याच क्रमानं परत बसल्या पाहिजेत. त्यासाठी ओवून ठेवायला काहीतरी हवं.

बायकोची स्वेटर विणायची सुई घेतली. न विचारता.

एके दिवशी सुमन डबा घेऊन क्लबात आली. मी एकेक चकती पुसून सुईवर ओवत होतो. तिनं डबा खाली ठेवला.

"माझी सुई ना ती?"

"होय."

"लग्नात माझ्या गळ्यात हार घातलात, तेव्हा कसे दुसरीकडेच बघत होतात! ह्या चकत्यांचं नशीब मोठं हो!"

ग्लेनिसनं विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, "सुई ठेवून घ्या म्हणाली."

*

आता तो डिशवॉशरचा.

माझा नियम पहिल्या दिवसापासून आहे. हे काम घरात नाही. शेडमध्ये, दार उघडं ठेवून, हातमोजे घालून. शिसं पोटात गेलं तर औषध महाग पडतं. गॅरेथला वाटलं, म्हातारा उगाच भाव खातोय. बायको बहिणीकडे गेल्याचं बघून त्यानं आपल्या मॉडरेटरच्या चकत्या घरच्या डिशवॉशरमध्ये लावल्या. गरम पाणी, साबणाची गोळी, सगळं साग्रसंगीत!

चकत्या बाहेर आल्या त्या काळ्या ठिक्कर. त्या साबणानं ॲल्युमिनियम खाल्लं. शिसं जिथल्या तिथं. वरच्या जाळीत बायकोच्या आईचे चहाचे कप होते, तेही राखाडी. आणि बायको एक ट्रेन आधीच परत आली.

दुसऱ्या दिवशी गॅरेथ शेडमध्ये आला. दाढी केलेली नाही, डोळे लाल.

"काय झालं?"

"तिनं डिशवॉशर अंगणात काढून ठेवला."

"मग?"

"मी त्याच्या शेजारीच झोपलो होतो!"

*

निखिलला मी एक शिकवलं होतं. साफ झालं की कोरडं करायचं, मग तेलाचा हात फिरवायचा. हात! पण हा पुण्याचा. कॉम्प्युटरवर काहीतरी वाचून आला आणि म्हणाला, "काका, ओलावा राहायला नको म्हणून मी फुल्ल कोटिंग दिलंय."

"कोटिंग म्हणजे?"

"रात्रभर बुडवून ठेवला."

मी तोंड उघडायच्या आत त्यानं पहिली गोळी मारली. धूर! रायफल दिसेना, निखिल दिसेना. दुसरी मारली, टार्गेट दिसेना. गॅरेथनं 'थांबा' म्हणून हात वर केला, तोही दिसेना.

धुरातून ग्लेनिसचा शांत आवाज आला, "कुणी तिकीट काढलंय का? गाडी आलेली दिसते."

*

ओवेन हा वरचा मेंढपाळ. दांडगा गडी, बोलणं कमी. त्यानं अख्खा हिवाळा मॉडरेटर रायफलवरच ठेवला. ओल धरली, गंजला, आट्यांत अडकून बसला. गॅरेथ म्हणाला, शिकंज्यात धरून पिळू. मी म्हटलं, "पिळा. मग नळीचीच वेणी होईल."

गंजावरचं तेल आट्यांना पाजलं. दोन दिवस ठेवलं. मग गरम पाण्यातून पिळलेलं फडकं गुंडाळलं, वर ट्यूबचा पट्टा. जोर नाही लावला. विचारतो तसं हळूच फिरवलं. सुटला!

ओवेननं रायफल उचलली. संध्याकाळी माझ्या मुलाच्या दारात मेंढीची अख्खी तंगडी ठेवून गेला. सुमननं रस्सा केला. सून पहिल्यांदा दोनदा वाढून घेताना बघितली.

त्यानंतर दर शनिवारी मी घरी आलो की सुमन चपला काढायच्या आधी विचारते,

"अहो, आज कुणाचा अडकला नाही का?"

*

मीटरवाला यायच्या आदल्या आठवड्यात आम्ही चाचणी घेतली. ग्लेनिस वर, प्रिचर्डच्या कुंपणापाशी, फिरायला आल्यासारख्या उभ्या राहिल्या. आम्ही खालून हळू चालीच्या, म्हणजे हवेत फटका न वाजवणाऱ्या, गोळ्या मारल्या. एक रायफल गेली, दुसरी गेली. ग्लेनिसचा अंगठा वर. तिसरी उडाली आणि फाटकन आवाज! अंगठा खाली. वर बदकं बोंबलायला लागली.

गॅरेथ खाली बसला. "संपलं."

मी रायफल थांबवली. बोल्ट काढून नळीतून उजेड बघितला. गोल असायला हवा तो चंद्रकोरीसारखा दिसला. एक चकती वाकडी बसली होती. आणखी चार गोळ्या मारल्या असत्या तर तिला धडकल्याच असत्या.

"हा कुणी जोडला?"

निखिल पुढे आला. "काका, मी. तुमचं ओझं हलकं करावं म्हटलं. सुईवरून सांडल्या होत्या, पण सगळ्या सारख्याच तर दिसतात!"

"जुळी पोरंपण सारखी दिसतात. आईला विचार."

त्याचा चेहरा पडला. त्याला समोर बसवलं. प्रत्येक चकतीची कड बोटानं चाचपायला लावली, कुठली पहिली, कुठली शेवटची, तोंड कुठल्या बाजूला. जोडून झाला तेव्हा मी उजेडापाशी धरला. उजेड गोल.

"आता हा तुझा," म्हटलं. "शनिवारी तूच पहिली गोळी मारायचीस."

*

शनिवार. वारा पडलेला. म्हणजे आवाजाला अडवायला काही नाही. प्रिचर्डच्या बागेत कौन्सिलचा माणूस मीटर तिकाटण्यावर लावून उभा. शेजारी प्रिचर्ड, हाताची घडी. खाली आम्ही सगळे. ओवेननं टोपी हातात धरलेली. सुमनही आली होती, चहाचं आधण बघते म्हणून.

गॅरेथच्या फोनवर वरून आवाज आला. "सुरू करा."

निखिलनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं मारली. मग ग्लेनिस. मग ओवेन. मग रांगेतला प्रत्येकजण, ठरल्याप्रमाणे सगळ्या गोळ्या. टार्गेटमागच्या वाळूवर गोळ्यांचं टपटप ऐकू येत होतं. मी आवाज ऐकत नव्हतो. मी सगळ्यांचे हात बघत होतो.

शेवटची झाली. बोल्ट उघडले, लाल झेंडा खाली आला. फोन काही वाजेना. गॅरेथ फेऱ्या मारायला लागला. मी म्हटलं, बसून काय करायचं? हातमोजे चढवले, निखिलचा मॉडरेटर सोडवला आणि चकत्या सुईवर ओवायला घेतल्या. सुमननं कप मांडले.

तेव्हा फोन वाजला. गॅरेथनं तो स्पीकरवरच टाकला.

"हे बघा," वरचा माणूस चिडून म्हणाला, "मला आणखी दोन ठिकाणी जायचंय. मघापासून उभा आहे. काटा एकदाच हलला, तो मिस्टर प्रिचर्ड यांच्या बदकांनी! तुम्ही सुरू कधी करणार?"

गॅरेथनं फोन माझ्यापुढे धरला. मी हातमोजा काढला, फोन घेतला.

"साहेब, आमचं कधीच झालं. साखर किती?"