स्टीलच्या ग्लासातली जुळवाजुळव

"सोडा हाय तो, रंगा. दुकानातला नुस्ता सोडा. लबाडा, चार वर्सं मला येडं बनवतुयास व्हय?"

शिरूरच्या बाजारपेठेमागं, मांडवाच्या गोदामावरच्या खोलीत, रविवारी दुपारी तीन वाजता मी हे एवढ्या मोठ्यानं ओरडलो की खालच्या कळकांवर बसलेली कबुतरं उडाली आणि, खोटं सांगत नाही, त्यातली दोन अजून परतलेली नाहीत. समोर माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र रंगनाथ हातात स्टीलचा ग्लास धरून बसला होता. त्यानं नुकतंच ओठ पुसून, जाणकाराच्या थाटात सांगितलं होतं, "कडू हाय. सालीसकट चावलेल्या लिंबागत. हिला सारंगीचा अल्बम." आणि त्याच्या ग्लासात मी चोरून सोडा ओतला होता. माझ्या ग्लासात जी बिअर होती ती तर चक्क गोड होती. रंगानं तबकडी पुसली, पाकिटात सरकवली आणि म्हणाला, "तुझी यष्टी चुकंल." मी दणदण जिना उतरलो. त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी दौंडला माझा फोन वाजला. त्याची मुलगी मीनल होती. "काका, बाबा गेले... झोपेतच." मी त्याला मारलेली शेवटची हाक 'लबाडा' ही होती.

रंगाचा धंदा मांडव आणि लाऊडस्पीकरचा. आमची ओळख माझ्याच लग्नात झाली. त्याचे कर्णे असे होते की शिरूरला मंगलाष्टका सुरू झाल्या की घोडनदीपलीकडच्या जिल्ह्यात दोन लग्नं त्याच आवाजावर उरकून घेत. अक्षता पडल्या तरी मी कर्ण्यापाशीच उभा होतो, कारण पंगतीच्या वेळी त्यानं सनईची अशी एक तबकडी लावली होती की मला बायकोकडं बघायचं सुचेना. ती गोष्ट बायकोनं अजून माफ केलेली नाही. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दौंडहून शिरूरला जायचो, तो तबकड्या लावायचा आणि मी बोलायचो. भावगीतं, लावण्या, परदेशी सॅक्सोफोन, ब्रास बँड... रंगाकडं सगळं होतं. त्याच्या कानाला गाण्यातला धूळकणही ऐकू यायचा.

मग मीनल मोठी झाली, शिकली आणि पुण्यात बिअर बनवायला लागली. कारखान्यातली पिंपंच्या पिंपं नव्हे. छोट्या टाक्यांतली, दर खेपेला वेगळी, जिला क्राफ्ट बिअर म्हणतात ती. शिरूरमध्ये रंगा सांगायचा, "पोरगी फूड प्रोसेसिंगला हाय." लोक विचारायचे, म्हंजी लोणची-मुरंबे? तो म्हणायचा, "आंबवायचंच काम हाय." हे त्यानं इतक्या गंभीरपणे सांगितलं की एका मावशींनी मीनलकडं इडलीच्या पिठाची चौकशी केली. मीनल दर महिन्याला नुसता नंबर टाकलेल्या दोन बाटल्या पाठवायची. रंगानं त्या प्यायच्या आणि कुठल्या बिअरला कुठला अल्बम शोभतो ते पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहून द्यायचं. त्या कार्डांना तो 'पत्रिका' म्हणायचा. "वर बाटलीत, वधू तबकडीवर. गुण आपुन जुळवायचे." त्या पत्रिका मीनल पुण्यातल्या तिच्या ठिकाणी भिंतीवर लावायची, बिअर देताना तोच अल्बम वाजवायची, आणि लोक म्हणे त्यासाठीच यायचे. गव्हाच्या बिअरला सनई, काळ्या कॉफीसारखीला नाट्यपदं, आंबटीला लावणी. मी एकदा जाऊन आलो. काळी बिअर आणि नाट्यपदं सुरू झाली तेव्हा शेजारच्या टेबलावरचा संगणकवाला मुलगा डोळे पुसत होता. खरं तर त्याच्या डोळ्यात कचरा गेला असेल, पण मी दौंडमध्ये सगळ्यांना रडला म्हणूनच सांगितलं.

पहिली दोन वर्षं आम्ही पीत पीत भांडायचो. मग साथीचा तो मोठा ताप आला, रंगा पंधरा दिवस आडवा झाला, उठला, आणि उठल्यावर नियम बदलले. मला खिडकीसमोरची खुर्ची. उजेड थेट तोंडावर. तो माझ्यासमोर, खिडकीकडं पाठ करून. ग्लास स्टीलचे, शेजाऱ्यांना ताक वाटावं म्हणून. आणि तबकडीची एक बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. मी, ज्यानं मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये एकटा असताना सिग्नलच्या खांबांशी गप्पा मारल्या, त्या मला वीस मिनिटं गप्प बसायला लावायचा. "का पण?" असं विचारलं तर म्हणायचा, "तू बोललास की बिअर दहापट मोठी हुती."

मी रेल्वेत गार्ड होतो. गार्डाचा जन्म संशयात जातो. शेवटचा डबा मागं लागलाय का, लाल दिवा खरंच जळतोय का, की मला तसं वाटतंय... निवृत्त झालो तरी डोक्यातली ती शिट्टी थांबली नाही. मी रंगाकडं बघायला लागलो. तो कधीच आधी पीत नसे. मी घोट घेतला की मग. एकदा रंगाच्या बायकोनं, शालन वहिनींनी, चहा आणला. दूध नासलेलं, वरती गाठी तरंगत होत्या. मी कप ठेवला, रंगानं मात्र फुर्रकन संपवला. पुढच्या महिन्यात मटकीच्या उसळीत मीठ नव्हतं, त्यानं दोनदा घेतली. शिट्टी वाजली. याला चव लागत नाही... मग पत्रिका लिहितो कशा? एवढ्या अचूक? मला वाटलं, पोरगीच फोनवर सांगत असणार. बाप-लेकीनं धंद्यासाठी उभारलेला देखावा, आणि मी दर महिन्याला यष्टीचे धक्के खात साक्षीदार म्हणून येतो. वहिनींवर संशय, मीनलवर संशय, मांडवाच्या पोरांवर संशय. कार्डावर त्याचंच अक्षर आहे ना, तेसुद्धा मी चष्मा बदलून तपासलं. शेवटी त्या रविवारी तो तबकडी काढायला वळला, तेव्हा मी त्याची बिअर माझ्या ग्लासात ओतून घेतली आणि पिशवीतली सोड्याची बाटली त्याच्या ग्लासात रिकामी केली. त्यानं ग्लासात डोकावूनही पाहिलं नाही. तो बघत होता माझ्याकडं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रंगा गेल्यावर तीन आठवड्यांनी मी पुन्हा शिरूरला गेलो. तेराव्याला गेलो होतो, पण तेव्हा माणसं होती, रडणं होतं. चौकशी कशी करणार? आता मीनलनं बोलावलं होतं. त्या शेवटच्या गोड बिअरला पत्रिकाच नव्हती, भिंतीवर जागा रिकामी होती. "काका, तुम्ही लिहाल का?" असं तिनं फोनवर विचारलं, आणि मला त्यातही डाव दिसला. म्हटलं, आता मला खोट्यात सामील करून घेतायत. खोलीत खुर्ची खिडकीसमोर होती तशीच. वहिनींनी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि पलीकडं तांदूळ निवडत बसल्या. शालन वहिनींचा चेहरा म्हणजे धरणाची भिंत. मागं किती पाणी आहे ते पुढून कळत नाही.

डब्यात पत्रिकांच्या मूळ प्रती होत्या. पुढच्या बाजूला बिअरचा नंबर आणि अल्बम. त्यांच्या नकला मी भिंतीवर पाहिल्या होत्या. मागची बाजू कधी पाहिली नव्हती. पहिलं कार्ड उलटलं. 'गार्डाची डावी भुवई वर. दोनदा गिळलं. तिसऱ्या गाण्याला पाय हलवला.' दुसरं. 'नाक आकसलं, मग हसू आलं. आंबट असणार. लावणी लावून बघितली, मान डोलली. पक्कं.' तिसरं. 'डोळे मिटले. आईची आठवण आल्यावर मिटतो तसे. काळी. नाट्यपदं.' अशी चार वर्षांची कार्डं... सगळ्यांच्या मागं मी. माझा जबडा, माझ्या पापण्या, माझं कपाळ. तो बिअर चाखतच नव्हता. माझ्या तोंडावरून ती वाचत होता आणि कानानं तिला गाणं शोधत होता. वाचकहो, मी आयुष्यभर इतक्या थापा मारल्या आहेत की माझा भाऊही माझ्याकडून वेळ विचारून घेत नाही. आणि हा माणूस माझ्या चेहऱ्यावर विसंबून पुण्यातल्या शेकडो लोकांना बिअर पाजत होता.

तळाशी शेवटच्या रविवारचं कार्ड होतं. पुढच्या बाजूवर काट मारलेली. मागं लिहिलं होतं, 'बाटली गोड होती असं शालन म्हणते. गार्डाच्या तोंडावर कडू होतं. ते बिअरचं नव्हतं, माझं होतं. त्याला संशय आलाय. ही पत्रिका धरू नये. पुढच्या महिन्याच्या रविवारी त्याला सांगून टाकावं.'

पुढच्या महिन्याचा रविवार आला, पण रंगा नव्हता.

मी ते कार्ड डब्यात परत ठेवलं. खिडकीतून ऊन तोंडावर येत होतं आणि समोरची जागा रिकामी होती. मग वहिनींनी त्या शेवटच्या खेपेतली एक बाटली उघडली, स्टीलच्या ग्लासात ओतली आणि माझ्यापुढं ठेवली. तबकडी त्यांनीच लावली. माझ्या लग्नातली सनई. सुई बरोबर जागेवर टेकवली; म्हणजे तेही त्यांना येत होतं. बाटली गोड होती हेही त्यांनीच सांगितलेलं, आणि या बाईंनी बिअरला कधी बोट लावलं नाही असं रंगा मला शपथेवर सांगायचा. मी प्यालो. एक बाजू संपेपर्यंत बोललो नाही. काय झालं माझ्या चेहऱ्याचं ते मला ठाऊक नाही, कारण ते लिहून ठेवणारा गेला. वहिनींनी मात्र तांदळातून मान वर करून एकदा पाहिलं, आणि कोऱ्या कार्डावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

सुई उचलली गेल्यावर मी विचारलं, "वहिनी, त्या तापापास्नं त्याला चव न्हाई हे तुम्हाला ठाऊक हुतं. मीनललाबी ठाऊक असणार. मग चार वर्सांत एकदा मला सांगायला काय झालं हुतं?"

वहिनींनी सुपातला खडा वेचून बाजूला ठेवला.

"सांगितलं असतं, तर तुमी नाटकं केली असती, भावजी."