हरलो म्हणा, मग उघडतो

भुलाबाईच्या महिन्यात, म्हणजे पुण्याकडे भोंडला असतो त्या सुमारास, आमच्या अकोल्याच्या गल्लीत एक नियम होता. गाणी संपली की ज्या घरी आम्ही पोरी गायला गेलेलो असू, त्या घरची बाई खिरापतीचा डबा घेऊन यायची, झाकण घट्ट लावलेला. आत काय आहे ते ओळखायचं. डबा हलवायचा, कानाला लावायचा, पण वास घ्यायचा नाही. ओळखलं तर उत्तम, नाही तर सगळ्यांनी ‘हरलो’ म्हणायचं, मगच झाकण उघडायचं. एक जरी पोरगी गप्प राहिली तरी डबा बंद.

ती गप्प राहणारी पोरगी मी असायची. बाकीच्या चिमटे काढायच्या, डास चावायचे, पुढच्या घरी उशीर व्हायचा, आणि मी डबा पोटाशी धरून बसलेली. आई म्हणायची, "हे पोरगी उपाशी मरीन, पन हारलो म्हननार नाही." कौतुकाने म्हणायची की वैतागून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मी अमरावतीला एका शाळेत गणित शिकवते. केस पांढरे झाले, पण जित्याची खोड कुठे जाते.

काही वर्षांपूर्वी बडनेऱ्याहून घरी येताना ऑटोवाल्याने एक गाणं लावलं होतं. सुरुवातीला गिटार होती, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग तिच्याखालून डफडं आलं, टिपऱ्या आल्या, आणि एक मुलगी चक्क भुलाबाईचं गाणं म्हणू लागली. चाल आमच्याच गल्लीतली, पण चालीला जणू नवे जोडे घातलेले. मी घर आलं तरी ऑटोतून उतरले नाही. ऑटोवाला म्हणाला, "काय झालं मॅडम, तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, गाणं संपू दे.

नांदगाव खंडेश्वरकडच्या तीन पोरांचा आणि एका पोरीचा तो बँड. नाव सांगत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. त्यांच्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात मी शिरले. ग्रुपची मालकीण अकोल्याची, तिचं मेडिकलचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला गोळ्या देता देता ग्रुपवर भांडणं सोडवते. दुसरे मूर्तिजापूरचे काका, रेल्वेतून रिटायर झालेले. बाकी अकोल्या-अमरावतीची आणि पुण्याला कंपनीत चिकटलेली पोरं, ज्यांना घरची आठवण आली की ती इथे येऊन एकमेकांची टिंगल करतात. आम्ही कोणीच कोणाला पाहिलेलं नव्हतं.

बँडने ग्रुपसाठी एक खेळ काढला होता. नवीन गाणं येण्याआधी त्यातला एक घोटभर तुकडा टाकायचा, शब्द नसलेला, आणि खाली लिहायचं, ‘खिरापत ओळखा.’ भुलाबाईचं आहे, दंडारीतलं, म्हणजे आमच्याकडच्या गावच्या नाच-नाटकातलं आहे, की पाळणा आहे, कोणती चाल, कोणती वाद्यं. सगळे हरलो म्हणाले की गाणं उघडायचं. मी काय सांगू, तो खेळ माझ्यासाठीच काढला होता. मी भाजी फोडणीला टाकता टाकता ओळखायचे. खंजिरीच्या चकत्या किती सैल आहेत तेसुद्धा सांगायचे. ग्रुपवर मला मास्तरीणबाई म्हणत, आणि पुण्याची पोरं आधी विचारत, "मास्तरीनबाई बोलल्या का? मंग राहू द्या." मला याचा फार गर्व होता. अजूनही आहे, नाही कशाला म्हणू.

मग एका खिरापतीत मला नुसतंच धुम धुम ऐकू आलं. मी फोनला दोष दिला. नवा फोन घेतला, त्यालाही दोष दिला. शाळेत पोरं पुटपुटतात म्हणून त्यांना झापलं, नवऱ्याला म्हटलं, तोंडातल्या तोंडात बोलायची सवय सोड. तो म्हणाला, "मी वरडून राहिलो." शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कागदावर उतरणीची एक रेघ काढली आणि म्हणाले, नस सुकते आहे, बारीक आवाज आधी जातात, जाड मागून. औषध नाही. मशीन लावा आणि मनाने स्वीकारा.

मशीन लावलं. बोलणं थोडं कळू लागलं, पण गाणं लावलं की पत्र्यावर मुरूम ओतल्यासारखं व्हायचं. त्या मुलीचा आवाज, ज्याच्यासाठी मी ऑटोतून उतरले नव्हते, तो त्या मुरमात कुठेतरी दबलेला. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मोठ्याने रडले असणार, कारण नवरा धावत आला.

ग्रुपवर मात्र सांगितलं नाही. तिथे सगळं लिहिलेलं असायचं, आणि वाचायला कान लागत नाहीत. तिथे मी अजून पूर्ण होते. पण नेमकं त्याच सुमारास काकांनी बोललेले निरोप टाकायला सुरुवात केली. त्यांचा अंगठा जाड, लिहायचा कंटाळा. त्यांची वऱ्हाडी ऐकून पुण्याची पोरं येडी झाली, मग तीही बोलू लागली. आठवडाभरात ग्रुप लिहिणं विसरला. माझ्यासमोर नुसत्या निळ्या रेघांच्या ओळी. मी वाट्टेल तिथे अंगठा उठवून दाखवायचे, आणि एखाद्या निरोपाखाली चार जण हसलेले दिसले की मीही हसायचे.

पुढची खिरापत आली. मी फोन कानात कोंबला आणि अंदाज ठोकला, पाळणा. ती दंडार निघाली. दंडारीला पाळणा म्हणणं म्हणजे आमच्याकडे पोळ्याला दिवाळी म्हणण्यासारखं आहे. मालकिणीच्या दुकानात गर्दी असावी, तिने बोलायच्या ऐवजी लिहिलं, "काय वं ताई, कान बजारात ठेऊन आल्या का आज?" खाली हसण्याची रांग लागली.

तिचा काही दोष नव्हता, मी तिच्या जागी असते तर याहून वाईट लिहिलं असतं. पण मला राग आला, आणि राग आला की मला खरं बोलता येतं. मी लिहिलं, "बाजारात नाही ठेवले. गेले. नस सुकली आहे. तुमचं बोललेलं मला काही कळत नाही. या ग्रुपमध्ये राहायचं आहे, म्हणून सांगते, जो बोलेल त्याने खाली लिहायचं."

 मग हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली, देवाचे फोटो आले. माणूस गेल्यावर टाकतात ते सगळं. एका पोराने फार चांगल्या मनाने सुचवलं, "मास्तरीनबाई, तुमी आता ओळखू नका. तुमी परीक्षक व्हा. आमी ओळखतो, तुमी नंबर द्या."

मी लिहिलं, "नंबर शाळेत देते. इथे मी ओळखणार. आणि चुकले की हसायचं. ज्याने फूल टाकलं त्याच्याशी मी बोलणार नाही."

मालकिणीने तिथल्या तिथे नियम केला. कुरकुर झाली. वऱ्हाडी बोलता येते, लिहिता येत नाही, म्हणे. काका तर गायबच झाले. मला वाटलं, गेले. माझ्या हट्टापायी ग्रुपचा सगळ्यात गोड माणूस गेला, आणि तरी मला हट्ट सोडवत नव्हता. दिवस गेले. मग एका सकाळी त्यांचं नाव चमकलं. "ताई मले लिवता येत नाही. नातवाजोळून शिकून राहिलो. टाईम लागन." त्याखाली मी फूल टाकलं. माझाच नियम मी मोडला.

आता ओळखायचं कसं, हा प्रश्न राहिला. कानातून येत नाही तर दुसरीकडून आलं पाहिजे, एवढं मला गणितासारखं स्वच्छ दिसत होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मोठा स्पीकर दिवाळीच्या सुट्टीत घरी आणला. मशीन काढून ठेवलं आणि फरशीवर बसून स्पीकरला तळहात लावला. नवरा कानाशी येऊन ओरडला, "शेजारचे काय म्हनतीन?" मी म्हटलं, मला ऐकू येणार नाही.

सुरुवातीला नुसता थरकाप. रोज बसले. जुनी गाणी लावली, जी मला पाठ होती, म्हणजे हाताला काय येतंय ते मनातल्या गाण्याशी ताडून बघता येई. हळूहळू कळू लागलं. डफडं कोपरापर्यंत चढतं. गिटारची जाड तार फरशीतून येते, मांडीला लागते. टिपऱ्या फार फार तर बोटांच्या टोकाला चिमटल्यासारख्या. खंजिरी येतच नाही, आणि त्या मुलीचा आवाजही नाही. त्याचं दुःख झालं ते झालं, पण चाल कळत होती. भुलाबाईच्या गाण्यात पोरी एका ठरलेल्या जागी श्वास घेतात, तिथे डफडंही थांबतं. ती थांबायची जागा मला हाताने सापडली, त्या दिवशी मी नवऱ्याला साखरेचा शिरा करून घातला.

ग्रुपवर तरी चुकतच राहिले. पाळणा म्हणावं तर भुलाबाई, भुलाबाई म्हणावं तर दंडार. पोरं इमानाने हसत. "मास्तरीनबाई नापास." काका अडखळत लिहीत, "पास व्हतीन. गाडी लेट हाय, रद्द नाही." मी प्रत्येक वेळी अंदाज टाकला. एकदाही हरलो म्हटलं नाही, आणि नियमाप्रमाणे माझ्यावाचून गाणं उघडत नव्हतं, म्हणून मालकीण शेवटी लिहायची, "ताईले सोडून सगळे हारले, उघडा आता."

यंदा भुलाबाईच्या महिन्यात बँडने अकोल्याला चाहत्यांचा मेळावा ठेवला. एका मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी. मी नवऱ्याला घेऊन बसने गेले. मालकीण मला वाटली होती त्याच्या निम्मी निघाली, आणि काका दुप्पट. ते काहीतरी बोलले, मला कळलं नाही. त्यांनी खिशातून फोन काढला, तिथे उभ्या उभ्या टाइप केलं आणि समोर धरलं. "वयखलं का?" मी म्हटलं, या अंगठ्याला कोण ओळखणार नाही.

गाण्यांच्या आधी गाणारी मुलगी खरोखरचा स्टीलचा डबा घेऊन आली, झाकण घट्ट. डबा रांगेतून फिरू लागला. ज्याने त्याने कानाला लावून हलवला आणि तोंड वाकडं केलं. आत काही वाजतच नव्हतं म्हणे. जुन्या बायांची ही युक्ती, मऊ काहीतरी तळाशी दाबून बसवायचं. कोणी शिरा म्हटलं, कोणी पेढा, कोणी रिकामा. मुलगी मान हलवत राहिली. डबा माझ्याकडे आला तशी सगळी बोलायची थांबली. मला ते त्यांच्या तोंडांवरून दिसलं. मी म्हटलं, "शांतता मला काय कामाची? बोला तुम्ही." मग हसले बिचारे.

मी दोन्ही हातांनी डबा तोलला, वाकडा केला, सरळ केला. काही कळलं नाही. तिळाची चटणी म्हटलं, चूक. साय-साखर म्हटलं, चूक. इकडे सगळ्यांनी हात वर करून ‘हरलो’ म्हणून टाकलं, आणि शंभर डोळे माझ्याकडे. ती मुलगी जवळ आली, माझ्यासमोर बसली आणि ओठ मला वाचता येतील असे सावकाश हलवून म्हणाली, "हरलो म्हणा, मग उघडतो."

आई आठवली, डॉक्टर आठवले, तो उतरणीच्या रेघेचा कागद आठवला. मी डबा मांडीवर घेतला आणि म्हटलं, "तुम्ही गा. मी बसले आहे."

मुलीने बँडकडे पाहिलं, बँडने खांदे उडवले. नवीन गाणं होतं, अजून कोणी न ऐकलेलं. गाणं सुरू होणार म्हणून मी मशीन काढून पर्समध्ये टाकलं. शब्दांच्या आधी वाद्यंच. मी डब्यावर हात ठेवून बसले होते, दुसरं काही मनात नव्हतं. आणि झाकण थरथरलं. डफडं त्या पत्र्यावर असं उतरलं की कोपर, खांदा, पार जबड्यापर्यंत आलं. मागून गिटारची जाड तार. बोटांच्या टोकांना चिमटे. मग ती श्वास घ्यायची जागा. परत डफडं, परत ती जागा.

"भुलाबाई," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले असणार, कारण सगळे वळले. "भुलाबाईचं. लेक माहेरी यायला निघते, ती चाल. आमच्या गल्लीतली."

मुलीने अजून तोंड उघडलेलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि मग गायला लागली. तिचे ओठ हलले, आणि त्या चालीचे शब्द माझ्या डोक्यात आईच्या आवाजात आले. मालकीण माझा दंड धरून रडत होती. मी रडले नाही. मला पुढचं डफडं चुकवायचं नव्हतं.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. डबा माझ्या मांडीवर तसाच बंद. चहावाले ट्रे घेऊन खोळंबलेले. काकांनी फोन काढला, अंगठ्याने बराच वेळ झगडले आणि पडदा माझ्यापुढे धरला.

"ताई, गानं वयखलं तुमी. आता डब्याले तं हारलो म्हना. भूक लागली."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि खाली लिहिलं, "नाही. अजून एक गाणं होऊ द्या."

काकांनी ते वाचलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली, आणि डब्याच्या झाकणावर स्वतःचाही हात ठेवून बसले.