शांततेचं अपील

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात मार्तंडरावांची तीस वर्षं यंत्रांच्या घरघरीत गेली. निवृत्तीनंतर नागपुरात, गांधीबागेमागच्या दोन खोल्यांत बसून त्यांनी एक रेकॉर्डर बनवला. बाकीचे रेकॉर्डर जागा वाचवायला शांत भाग गाळून टाकतात. मार्तंडरावांचा रेकॉर्डर मात्र यंत्राचा आवाज मंदावला की सावध व्हायचा, आणि मंदावण्याच्या आधीचं-नंतरचं सगळं जपून ठेवायचा.

पेटंट कार्यालयानं अर्ज फेटाळला. आधीच्या पेटंटांचे दोन जुने कागद शेजारी ठेवले तर हे जाणकार माणसाला सहज सुचलं असतं, असं लिहून आलं. सहा वर्षं खपलेल्या मार्तंडरावांना तो ‘सहज’ जेवतानाही टोचायचा. त्यांनी अपील केलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी वकील मेघाताईंनी विचारलं, सुचलं कसं? मार्तंडराव जणू खापरखेड्यालाच जाऊन पोचले. दुपारी वीजकेंद्राची अख्खी कॉलनी त्या घरघरीत झोपायची, पाळण्यातली लेकरंसुद्धा. वीज बनवणारा एखादा संच बंद पडून घरघर मंदावली की सगळे जागे. बायामाणसं दारात येऊन आभाळाकडे बघत उभी राहायची. ऊन पाण्यासारखं हलायचं, आणि कुठून तरी चिमण्या ऐकू यायच्या.

मेघाताईंनी बजावलं, हे उद्या बोलू नका. साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं म्हटलं तर सहजच ठरेल.

घरी येऊन ते देवापुढं बसले. त्यांच्या पत्नी शोभाताईंनी निरांजनाची वात सारली.

“काहून गप्प बसून राहिले जी?”

“लपवलं तर जिंकाल, म्हणते वकीलबाई.”

“मंग ते जिंकणं देवाले कसं दाखवाल? अन् जागी तं पहिले मीच व्हायची. तुम्हाले हलवून उठवा लागे.”

दुसऱ्या दिवशी ऑनलाइन सुनावणीत पडद्यावरून न्यायमूर्तींनी तेच विचारलं. मार्तंडरावांनी सगळं सांगितलं, बायकोनं उठवलेलंही. मेघाताईंनी डोळे मिटून घेतले.

न्यायमूर्तींनी पेटंट कार्यालयाच्या वकिलांना विचारलं, या दोन कागदांत शांत भाग ठेवा असं कुठं लिहिलंय? कुठंच नव्हतं. दोन्ही कागद तो गाळायलाच सांगत होते. कॉलनी जागी होत होती, पण त्यावरून यंत्र करावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

महिन्याभरानं निकाल आला. नकार रद्द, अर्ज पुन्हा तपासायचा. शोभाताईंनी कागद देवापुढं ठेवला.

“पेटंट अजून भेटलं नाही वं,” मार्तंडराव म्हणाले.

“मले मालूम हाय,” असं म्हणत त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात, एकही अक्षर झाकणार नाही असं, कुंकवाचं बोट टेकवलं.