जबानीत न आलेली सोडणांची माळ

मयताचे नाव दत्ताराम सखाराम साळवी, राहणार रत्नागिरी, धंदा सर्व्हिस मोटार हाकणे. सोबत मयत झालेले दुसरे इसम गोविंद आण्णा, वृद्ध, राहणार देवरूखच्या बाजूचा एक डोंगरातला गाव. घटनेचा दिवस संक्रांतीनंतरचा सोमवार. ठिकाण निवळीचा उतार. साक्षीदार पहिले, शाळामास्तर केशवराव, ड्रायव्हरच्या शेजारी बसलेले. साक्षीदार दुसरे, नारळाचे व्यापारी बाबाजी शेट्ये, मास्तरांच्या शेजारी. साक्षीदार तिसरे, जगन्नाथ, उताराच्या पायथ्याशी चहाचे दुकान चालविणारे. साक्षीदार चौथे, गणू भुवड, पुढे धावत असलेल्या दुसऱ्या मोटारीचा ड्रायव्हर. चौकशीचा निष्कर्ष, चालकाचा निष्काळजीपणा.

येथवरचा मजकूर सरकारदरबारी नोंदलेला आहे आणि त्यातील एकही अक्षर खोटे नाही. माझी तक्रार तो अपुरा असल्याबद्दल आहे. मी गेली बरीच वर्षे कोर्टाच्या ओटीवर बसून लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण बेताचेच झाले. परंतु कोणता मजकूर पुरा आणि कोणता अर्ध्यावर तोडलेला, हे ओळखण्यास फार मोठी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागत नाही.

बातमी मला त्या ओटीवरच कळली. दुपारची वेळ होती, एका कुळाचा अर्ज अर्धा लिहून झाला होता. बंदरावरचा एक हमाल धावत आला आणि म्हणाला, देवरूखची मोटार निवळीला दरीत गेली. मी विचारले, कोणती? त्याने दत्तारामाचे नाव घेतले तेव्हा मी त्याला चक्क वेड्यात काढले. गणूची असेल, म्हणालो, नीट ऐकून ये. कारण दत्तारामाची मोटार दरीत जाणे ही गोष्टच बुद्धीला पटण्यासारखी नव्हती.

ज्यांनी त्याच्या मोटारीतून प्रवास केला आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. दत्ताराम आणि मी एका आळीत वाढलो, मराठी शाळेत एका बाकावर बसलो आणि जवळजवळ एकाच वेळी शाळेतून बाहेर पडलो. तो मुंबईस गेला, तिथे एका शेटजीच्या पदरी मोटार हाकायला शिकला, आणि आपल्याकडे सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या तेव्हा खाकी कोट घालून परत आला. त्याच्याइतका सावकाश ड्रायव्हर या जिल्ह्यात झाला नसेल. प्रत्येक वळणावर तो भोंगा वाजवी, वळणापलीकडे कुणी नसले तरी वाजवी. रस्त्यात म्हैस बसलेली असली तर उतरून तिला उठवी. एकदा देवरूखला मला एका कामासाठी तातडीने पोहोचायचे होते, तर या गृहस्थाने एका म्हातारीची कोंबडी मोटारीखाली गेली की काय म्हणून मोटार थांबवून तिचा शोध केला. कोंबडी झाडावर बसली होती. मी संतापून त्याला बोललो. तो म्हणाला, "अरे, तुजा अर्ज उद्या पण लिवता येल. कोंबडी उद्या परत येनार हाय काय?" या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसे.

आता त्या माळांविषयी लिहितो, कारण चौकशीत त्यांचा उल्लेख कोठेच नाही. मुंबईची आगबोट बंदराला लागली की देवरूखकडच्या उतारूंसाठी दोन मालकांच्या दोन मोटारी उभ्या असत. एक गणू भुवड हाकी, दुसरी दत्ताराम. दोन्ही एकदमच सुटत आणि निवळीचा उतार उतरून जगन्नाथच्या दुकानापाशी चहाला थांबत. जी मोटार आधी येई तिच्या पुढच्या दिव्यावर जगन्नाथ झेंडूची माळ घाली. मागून येणारीला नारळाच्या वाळलेल्या सोडणांची, म्हणजे सालींची, माळ. ती देवरूखच्या तळापर्यंत काढायची नाही, असा दंडक होता. हा दंडक कोणी केला, केव्हा केला, याचा पत्ता नाही. परंतु सारेजण तो पाळत, आणि देवरूखच्या तळावर केवळ कोणाच्या दिव्याला काय लटकले आहे हे पाहण्यासाठी माणसे उभी राहत. उतारूंनाही त्यात भारी गंमत वाटे. मोटारीत बसले की परके लोकही आपल्या मोटारीच्या बाजूचे होत.

सोडणांची माळ कायम दत्तारामाला. पार्वतीवहिनी, म्हणजे त्याची पत्नी, ती सोडणे न्हाणीच्या चुलीत घाली. विहिरीवर बायका तिला म्हणत, "साळवीणबाय, आमचं जळान संपलंय, तुमच्या घोवाला सांगा आमच्यासाठी पन हरायला." ती हसून म्हणे, "सांगीन, पन रांग लावावी लागंल." तिला त्याचे काही वाटत नसे. त्यालाही वाटत नसेल असा माझा समज होता. तो रोज माळ सोडवी, खांद्यावर टाकी आणि घरी घेऊन जाई... पण पुढे पुढे तो आळीच्या तोंडाने येईनासा झाला, मागल्या बाजूच्या माडांतून येऊ लागला. मी विचारले तेव्हा म्हणाला, तिकडून सावली असते. मी ते खरे मानले.

त्याच्या मालकांविषयी एवढेच सांगतो, की त्यांनी मोटारीत उतारूंना दिसेल अशा जागी 'सावकाश हाकावी' अशी पाटी लावली होती, आणि रोज सकाळी दत्तारामाला विचारीत, आज तरी पुढे राहशील का. चौकशीत त्यांनी पाटीचे सांगितले.

त्या सोमवारी काय घडले ते मी डोळ्यांनी पाहिले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात, डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत मास्तर केशवराव आणि हात गळ्यात अडकवलेले बाबाजी शेट्ये यांनी ते सर्वांसमक्ष सांगितले, आणि ते मी स्वकर्णांनी ऐकले. माणूस मरणातून वाचला की बोलत सुटतो. तेव्हा अजून फौजदारांची चौकशी सुरू झाली नव्हती. ते म्हणाले की हातखंबा सोडल्यापासून आम्ही दत्तारामाच्या मागे लागलो होतो. गणूची धूळ किती दिवस खाणार, असे विचारीत होतो. मास्तर म्हणाले होते, "आज झेंडू लागला नाही तर मी येथेच उतरतो, दत्ताराम, आणि चालत तुझ्या आधी पोहोचतो." मागल्या बाकांवरचे उतारू टाळ्या वाजवीत होते. निवळीचा उतार लागला आणि खाली गणूची मोटार दिसली, तेव्हा दत्तारामाने प्रथमच भोंगा न वाजविता वळण घेतले. सगळे ओरडले, शाबास.

त्याच्या पाठीमागे गोविंद आण्णा बसले होते. हे पार्वतीवहिनीच्या माहेरचे, नात्याने तिचे चुलते. लहानपणी पालखी दिसावी म्हणून तिला खांद्यावर घेऊन उभे राहणारे. त्या नात्याने दत्ताराम त्यांचा जावई. आण्णा पुढे वाकून म्हणाले, "जावयबापू, हळू. शिमग्याला अजून येळ हाय." त्यावर बाबाजी शेट्ये म्हणाले, "आण्णा, तुम्ही डोळे मिटून देवाचं नाव घ्या. मोटारीचं आम्ही बघतो." आणि सगळी मोटार हसली. हसता हसताच पुढचे वळण आले.

हे न्हाव्याच्या दुकानात सांगताना बाबाजींनी मोकळ्या हाताने डोळे पुसले, हेही मी नमूद करतो. त्यांच्या ठायी माया नाही असे माझे म्हणणे नाही.

पुढे फौजदार आले, पंचनामा झाला, जबान्या झाल्या. मास्तरांनी सांगितले की मोटार भरधाव होती. खरे. बाबाजींनी सांगितले की आण्णांनी ड्रायव्हरला हळू हाकण्यास बजावले, पण त्याने ऐकले नाही. हेही खरे. गणू म्हणाला, मी पुढे होतो, मागचे मला काय ठाऊक. जगन्नाथला माळांविषयी कोणी विचारले नाही, आणि मी स्वतः जाऊन विचारले तेव्हा तो कप विसळीत म्हणाला की सणासुदीला केव्हातरी फूलबीड घालत असेन, सोडणांचे काही आठवत नाही. त्याच्या दुकानामागे सोडणांचा ढीग होता. मी त्याकडे बोट दाखविले. तो म्हणाला, "त्ये जळान हाय."

मी अर्ज केला. न्हाव्याच्या दुकानात काय ऐकले ते कलमवार लिहून दिले. उत्तर मिळाले की ऐकीव गोष्ट पुराव्यात घेता येत नाही. हा नियम मी स्वतः अनेकांना समजावून सांगितला आहे. तो माझ्यावर असा उलटेल ही कल्पना नव्हती. मग मास्तरांच्या घरी गेलो. विद्वान गृहस्थ, त्यांनी बसायला पाट दिला, गूळपाणी दिले. मी म्हटले, जे न्हाव्यापुढे बोललात ते फौजदारांपुढे का बोलला नाहीत? त्यांनी गुळाची वाटी माझ्याकडे सरकविली. मग म्हणाले, "आम्ही थट्टा केली हो. थट्टेची का कुठे जबानी होते?"

मी पाटावरून उठून आलो. माझे उत्तर आता येथे लिहितो. चाकावर हात दत्तारामाचा होता. पाय त्याचा होता. भोंगा न वाजविता वळण त्याने घेतले, आणि साऱ्या मोटारीत जो एकच आवाज त्याने ऐकायला हवा होता, तो नेमका त्याने ऐकला नाही. याबद्दल मला त्याचा असा राग येतो की तो समोर असता तर मी त्याच्याशी बोललो नसतो. इतकी वर्षे ज्याने कोंबडीसाठी मोटार थांबविली, त्याला एका म्हाताऱ्या माणसासाठी थांबवता येऊ नये! म्हणून त्याला निर्दोष ठरवा असे मी कोणास म्हणत नाही, म्हणणार नाही. परंतु दोषाची वाटणी करताना सगळी जमीन एकाच्या नावे आणि तीही मेलेल्याच्या नावे करायची, ही कसली वाटणी? मोटार एकट्याने हाकता येते. शर्यत एकट्याने लागत नाही. तिला दुसरी मोटार लागते, टाळ्या लागतात, माळ घालणारा लागतो, आणि माळ पाहायला तळावर उभी राहणारी माणसे लागतात. यांपैकी कोणाचेही नाव कोठेही नाही. सगळेजण त्या दिवशी जणू रस्त्याच्या कडेचे दगड होते.

हे सारे मी मनात ठेवून गप्प बसलो असतो. परंतु प्रश्न माझ्या रागाचा नाही. शिमगा तोंडावर आला आहे. पार्वतीवहिनी लग्न झाल्यापासून दर शिमग्याला पालखीच्या दर्शनास माहेरी जाते. तिला आईबाप नाहीत, माहेर म्हणजे ती पालखी आणि ते आण्णा. यंदा गावाकडून निरोप आला आहे की येऊ नको. त्यांनी शिवीगाळ केली नाही, वाईट शब्द काढला नाही. आण्णांनी हळू म्हणून सांगितले आणि आमच्या जावयाने ऐकले नाही, एवढेच त्यांना जबान्यांवरून कळले आहे, आणि तेवढ्यावर त्यांचे मन विटले आहे. मी पदरमोड करून त्या गावी गेलो, मानकऱ्यांपुढे बसलो, सर्व हकीकत मांडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांतले वडील म्हणाले, "तुमी मोटारीत नव्हता. त्या मोटारीतला एक मानूस इथं यऊ दे, आमच्या देवाम्होरं उभा ऱ्हाऊ दे, नि सांगू दे. मग पोरीला आमी सोता आनायला येऊ." मी लेखी आणून देतो म्हणालो. ते म्हणाले, लिहिलेले नको. माझ्या धंद्याच्या माणसाने यावर काय बोलावे?

परत आल्यावर वहिनीला सांगितले. ती चुलीपुढे बसली होती. मला वाटले रडेल. ती म्हणाली, "भावजी, त्यांनी मोटार जोरात नेली, ह्ये मी न्हाय म्हनत न्हाय. आण्णा माजेच हुते. पन त्यांच्या कानात कोन वरडत हुतं, येवढं कुनीतरी तितं जाऊन सांगा." आणि लाकूड पुढे सारले.

म्हणून, रा. रा. केशवराव मास्तर आणि रा. रा. बाबाजी शेट्ये यांस या लेखाद्वारे जाहीर विनंती की, आपण उभयतांपैकी एकाने शिमग्याची पालखी देवळाबाहेर पडण्यापूर्वी माझ्यासोबत त्या गावी यावे. आण्णांचे बोलणे आपण सांगितलेच आहे. त्यावर मोटार हसली, एवढे पुढचे सांगावे. आपणांस कोणी शिक्षा करणार नाही. हसण्याला कायद्यात कलम नाही, हे मी पाहून ठेवले आहे. माझ्या ओटीवर, मेजाच्या उजव्या अंगाला एक बाकडे आहे. सुटीच्या दिवशी दत्ताराम तेथे येऊन बसे, काही न बोलता रस्त्याकडे पाही, आणि मोटार गेली की आवाजावरून कोणाची ते सांगे. तो गेल्यापासून त्या बाकड्यावर मी कोणाला बसू दिलेले नाही. अशिले उभी राहतात, कुरकुरतात, पण उभी राहतात. आपले यायचे ठरले तर काही बोलण्याची गरज नाही. येऊन त्या बाकड्यावर बसावे. मी दौत झाकून लगेच उठेन.

सदरहू विनंतीचे उत्तर मिळावे, ही अपेक्षा.